बायकोची नोकरी म्युनिकला, घर आणि लेक बाबाकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२२ मध्ये बायकोची म्युनिकमधली नोकरी सुरू झाली. लेक तेव्हा बावीस महिन्यांची होती. मी वागळे इस्टेटमधली प्लॅनिंगची अकरा वर्षांची नोकरी सोडली आणि पावणेतीन वर्षं तिथे घर आणि लेक सांभाळली. मे २०२५ मध्ये आम्ही ठाण्याला परतलो. आता घोडबंदर रोडला राहतो.

परतल्यापासून महिन्यातून एक-दोनदा तरी कुणी ना कुणी विचारायला येतं. कधी लिफ्टमध्ये, कधी तलावपाळीवर फेरी मारताना, आणि बऱ्याचदा रात्री साडेदहानंतर फोनवर, घरातले झोपल्यावर, हळू आवाजात. विचारणारे बहुतेक पुरुष असतात, कधीकधी त्यांच्या बायका असतात, एकदा एका मुलाची आईसुद्धा होती. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. माझा अनुभव जर्मनीचा आहे. दुसऱ्या देशात नियम वेगळे असतील, दिवस मात्र फारसा वेगळा नसेल.

घरच्यांना कसं सांगायचं? आईवडील ऐकणार नाहीत.

दोघांनी मिळून सांगा आणि ठरलेलं म्हणून सांगा. विचारायला गेलात की चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत मावशीपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे येतात. आम्ही नौपाड्यात आईच्या घरी, रविवारची जेवणं झाल्यावर सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, पेपर घेऊन गॅलरीत गेले. आईने एवढंच विचारलं, "पोर आजारी पडली तर रात्र रात्र बसायला जमेल का तुला?" त्या महिन्याभरात मला जेवढे प्रश्न विचारले गेले, त्यात हा एकच कामाचा होता. बाकी सगळे पगाराबद्दल विचारत होते.

"बायकोच्या जिवावर बसणार" हे वाक्य तुमच्या कानावर येणारच. मी ते एका लग्नाच्या पंगतीत ऐकलं. त्रास झाला, दोन रात्री झोप लागली नाही. पण जन्मभर घर सांभाळलेल्या माझ्या आईकडेही लोकांनी याच नजरेने पाहिलं असणार, हे मला त्या पंगतीत पहिल्यांदा नीट समजलं. त्यानंतर त्या वाक्याची धार कमी झाली.

जाण्याआधी काय तयारी करावी?

निघायच्या आधी दोन महिने ठाण्यातच घर पूर्ण हातात घ्या. "मदत" करू नका, सगळं घ्या. मी जून-जुलैमध्ये हे केलं. मला वाटत होतं की स्वयंपाक हा अवघड भाग असेल. तो महिन्याभरात बऱ्यापैकी जमला. अवघड निघालं ते लक्षात ठेवणं. दूध संपत आलंय, लेकीची नखं वाढलीयत, मंगळवारी लस आहे, डाळ भिजत घालायची आहे, सासूबाईंना वाढदिवसाचा फोन करायचा आहे. आमच्या घरात ही यादी सहा वर्षं बायकोच्या डोक्यात होती आणि मी "सांग ना, काय करू?" असं विचारून स्वतःला समजूतदार समजत होतो. ती यादी तुमच्या डोक्यात आली की घर तुमच्याकडे आलं. तोवर नाही.

आईने त्या दोन महिन्यांत एक सवय लावली, सकाळचा चहा घेतानाच रात्रीचं जेवण ठरवायचं. ती आजही टिकून आहे.

कागदपत्रांत लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि मुलाच्या नावासकट जन्मदाखला आधी तपासा. पुष्कळांच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच चढवलेलं नसतं, कारण बारशाआधी नोंद झालेली असते. लसीकरणाचं कार्ड तारखांसकट न्या. १ मार्च २०२० पासून जर्मनीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळेसाठी गोवराची लस घेतल्याचा पुरावा सक्तीचा आहे, तेव्हा ते कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा.

नवऱ्याला व्हिसा कसा मिळतो? तिथे नोकरी करायची परवानगी असते का?

बायकोकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना असेल, तर नवऱ्याला कुटुंबासोबत राहण्याचा परवाना मिळतो आणि त्यावर नोकरीही करता येते. जोडीदाराने निघण्याआधी जर्मनची पहिली परीक्षा देण्याची अट ब्लू कार्डवाल्यांच्या कुटुंबांना नाही. म्हणजे घरी राहणं हा तुमचा निर्णय असतो, कायद्याने लादलेला नसतो. मला हा फरक फार मोठा वाटला. ज्या देशांत जोडीदाराला काम करायची मुभाच नसते, तिथे जाताना मनाची तयारी वेगळी लागते.

पोहोचल्यावर घराच्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. तो कागद हातात आला की बाकीची कामं सुरू होतात.

जर्मन भाषा आली पाहिजे का?

परीक्षेसाठी नाही, पण लेकीसाठी आली पाहिजे. बायकोच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. बालवाडीच्या बाई, डॉक्टरांकडची रिसेप्शनिस्ट, खेळाच्या मैदानावरची आजी, यांच्याशी बोलायचं काम घरी असलेल्या माणसाकडे येतं. नवीन आलेल्यांसाठी सरकारी इंटिग्रेशन कोर्स असतो. त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास त्या देशाची ओळख असते. मी संध्याकाळचा वर्ग घेतला. आठवड्यातल्या त्या दोन संध्याकाळी बायको साडेपाचला घरी यायचीच, हे आधीपासून ठरलेलं होतं.

पैशाचं कसं करायचं? बायकोकडे हात पसरायला जड जातं.

हात पसरायची वेळच येणार नाही, अशी व्यवस्था निघण्याआधी करा. हा प्रश्न विचारताना जवळपास प्रत्येकाचा आवाज खाली जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्याकडे तीन खाती होती. पगार जमा व्हायचा ते खातं दोघांच्या नावावर. त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठराविक रक्कम माझ्या एकट्याच्या खात्यात आणि तेवढीच तिच्या एकटीच्या खात्यात जायची. या दोन खात्यांचा हिशोब कुणी कुणाला द्यायचा नाही. माझ्या खात्यातून मी इथली एसआयपी चालू ठेवली आणि आईला दिवाळीची साडी घेतली. रक्कम मोठी नव्हती. पण ती न मागता यायची, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

सोयीच्या काही गोष्टी तिथल्या व्यवस्थेतही आहेत. बायकोचा विमा तिथल्या सरकारी आरोग्य विमा योजनेत असेल, तर न कमावणारा नवरा आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, वेगळे पैसे पडत नाहीत. खासगी विमा असेल तर प्रत्येकाचा वेगळा हप्ता बसतो. पगाराचा आकडा बघून खासगी विम्याकडे वळण्याआधी याचा विचार करा. नवरा-बायकोपैकी एकच कमावत असेल तर कराचा वर्ग कमावणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला पाच असा निवडता येतो, त्याने दरमहा हातात येणारा पगार वाढतो. मुलामागे किंडरगेल्ड नावाचा भत्ता मिळतो. आम्ही गेलो तेव्हा तो पहिल्या मुलाला महिन्याला २१९ युरो होता, २०२३ पासून २५०, आणि २०२५ मध्ये २५५.

इकडची बाजूही बघा. नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी देशाबाहेर गेलात की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं. चालू असलेलं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येतं, नवीन काढता येत नाही.

घर सांभाळणाऱ्या बापाला पेन्शन वगैरे काही असतं का?

असतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. जर्मनीत मूल सांभाळण्याचा काळ सरकारी पेन्शनमध्ये धरतात, मुलाच्या जन्मानंतरची पहिली तीन वर्षं, जितकी तुम्ही जर्मनीत राहून सांभाळली असतील तितकी. पण दोघं मिळून सांभाळतायत असं धरलं गेलं, तर हा काळ आपोआप आईच्या नावावर जातो. वडिलांच्या नावावर हवा असेल तर दोघांनी सहीनिशी तसं कळवावं लागतं, आणि मागच्या तारखेने फक्त दोन महिने मिळतात. आम्हाला हे कळलं तोवर माझे सात महिने गेले होते. तुम्ही पोहोचल्या पोहोचल्या कळवा. पेन्शनसाठी एकूण पाच वर्षांची अट आहे. पण भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजण्याची सोय आहे. कागद फेकून देऊ नका.

फॉर्मवर "व्यवसाय" या रकान्यात काय लिहायचं?

हाउसमान. जर्मनमध्ये गृहिणीला हाउसफ्राउ म्हणतात आणि घर सांभाळणाऱ्या पुरुषाला हाउसमान. साधा, वापरातला शब्द आहे. डॉक्टरांकडच्या पहिल्याच फॉर्मवर मी ती ओळ रिकामी ठेवली होती. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, मी मोडक्या भाषेत सांगितलं, त्यांनी तो शब्द उच्चारला, लिहिला आणि पुढच्या ओळीकडे गेल्या. मी घरी येईपर्यंत तो शब्द मनात घोळवत होतो. आपल्याकडे गृहिणी आहे, पण तिचा पुल्लिंगी शब्द नाही. गृहस्थ आहे, त्याचा मूळ अर्थ घरात राहणारा असाच, पण आपण तो वापरतो भलत्याच अर्थाने. इथे ठाण्यात परतल्यावर शाळेच्या प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायासमोर मी "घर सांभाळतो" असं सरळ मराठीत लिहिलं. नोकरी तोवर लागली नव्हती. कुणी काही विचारलं नाही.

दिवसभर करता काय?

सकाळी साडेसहाला उठणं, डबा, बायको बाहेर पडते, लेक उठते. मग थंडीचे पाच महिने दिवसातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे बाहेर पडायचे कपडे. तिथे पाऊस असो वा बर्फ, मुलांना रोज बाहेर नेतात, आणि ते योग्यच आहे. आधी लोकरीची बनियन, मग लांब मोजे, पँट, स्वेटर, त्यावर चिखलात खेळायची रबरी पँट, बूट, जाकीट, गळपट्टा, टोपी, आणि शेवटी हातमोजे. ज्यात अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र असतात ते. अंगठा त्याच्या घरात जायला पाच मिनिटं लागतात. सगळं झालं की शू येते. पहिल्या थंडीत मी घाई करायचो, ती रडायची, मी चिडायचो, आणि दोघं घामाघूम होऊन बाहेर पडायचो. मग मी रात्रीच कपडे दाराजवळ जमिनीवर ओळीने मांडायला लागलो. पहिला घालायचा तो डावीकडे, शेवटचा उजवीकडे. ती ओळीने पुढे सरकत जायची आणि चेन स्वतः ओढायची. अर्धा तास लागायचाच, पण तो अर्धा तास मी दिवसाच्या कामात धरला.

मग मैदान, बाजार, जेवण, तिची झोप, तेवढ्यात स्वयंपाक आणि कपडे, ठाण्याला फोन, वाचनालय किंवा पुन्हा मैदान. बायको येईपर्यंत सहा.

एकटेपणा येतो का?

येतो. मला पहिल्या नोव्हेंबरात आला. घड्याळ मागे गेलं होतं, साडेचारच्या आसपास अंधार पडायचा. दोन वर्षांच्या मुलीशी दिवसभर बोलून झाल्यावर संध्याकाळी मोठ्या माणसाशी बोलायला शब्द सापडायचे नाहीत. बायको दमून यायची आणि तिला शांतता हवी असायची. मला बोलणं हवं असायचं. एका गुरुवारी मी तिला सांगितलं की आज दिवसभरात दुकानातल्या "गुड डे"शिवाय मी कुणाशी बोललो नाही. तिला हे माहीतच नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं. पुरुष म्हणून आपण हे सांगत नाही आणि मग ते दुसऱ्याच कुठल्या तरी भांडणात बाहेर पडतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, आठवड्यातून एक संध्याकाळ माझी, घराबाहेर, एकट्याची. दुसरी, आई-मुलांचा व्यायामवर्ग. हॉलमध्ये बाक, दोऱ्या, गाद्या लावतात आणि पालक लेकरांना घेऊन त्यावरून चढतात-उतरतात. पाटीवर "आई आणि मूल" असंच लिहिलेलं होतं. मी दारात विचारलं, बाप चालेल का? शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आत या. पुढचे तीन महिने मी एकटाच पुरुष होतो. चौथ्या महिन्यात एक तुर्की बाबा आला, त्याच्याशी माझी मैत्री झाली, ती आजही टिकून आहे.

झोप उडाली, भूक गेली, सकाळी उठावंसं वाटेना, असं दोन आठवडे चाललं तर घरच्या डॉक्टरांना दाखवा. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

तिथे बाप मुलाला घेऊन फिरताना लोक बघतात का?

नाही. बाबागाडी ढकलणारे पुरुष रस्तोरस्ती दिसतात. मात्र सकाळी अकराला मैदानावर अजूनही आया जास्त असतात. काही पत्रं आईच्याच नावाने येत राहतात, आणि एका दवाखान्यात मला तीनदा विचारलं गेलं की आई कधी येणार आहेत. मी प्रत्येक वेळी म्हणालो, मुलीबद्दल मला विचारा, तिचं सगळं मला माहीत आहे.

बालवाडीत जागा मिळते का? मूल रडतं त्याचं काय?

ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत वाट बघावी लागते, आणि दोघंही नोकरी करतात अशा घरांच्या मुलांना अनेक ठिकाणी आधी घेतात. त्यामुळे पत्त्याची नोंद झाली की त्याच आठवड्यात अर्ज भरा. आमच्या लेकीला सप्टेंबर २०२३ मध्ये, तीन वर्षांची व्हायच्या जरा आधी जागा मिळाली. तिथे अशा ठिकाणाला किटा म्हणतात.

रडण्याबद्दल मला भरभरून लिहायचंय, कारण तिथे मी जे पाहिलं ते मला आधी कुणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडे मुलाचं लक्ष खेळण्याकडे वळवायचं आणि हळूच सटकायचं, ही पद्धत. माझ्या आईने मला तसंच सोडलं, मीही लेकीला ठाण्यात शेजारी ठेवताना तसंच केलं होतं. तिथे ते चालत नाही. मूल रुळवण्याला आइनगेव्योनुंग म्हणतात आणि त्याचे ठरलेले टप्पे असतात. पहिले तीन दिवस बापाने मुलीबरोबर यायचं, तासभर खोलीत बसायचं आणि तिला घेऊन परत जायचं. मोबाईल काढायचा नाही, खेळात पुढाकार घ्यायचा नाही, तिला "जा, खेळ" असं ढकलायचं नाही. नुसतं असायचं. मी कोपऱ्यातल्या बुटक्या लाकडी खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो. ती माझ्या मांडीपाशी उभी. दुसऱ्या दिवशी ती चार पावलं गेली, एक लाकडी गाय घेतली आणि माझ्या हातात आणून दिली. तिसऱ्या दिवशी ती गाय बाईंना दिली.

चौथ्या दिवशी बाईंनी मला खूण केली. निरोप घेऊनच जायचं, हा तिथला पक्का नियम. मी खाली वाकून मराठीत सांगितलं, "बाबा बाहेर चाललाय. थोड्या वेळात येतोय." ती ओरडली. मी दार ओढून कॉरिडॉरमध्ये आलो. तिच्या खुंटीवर साळूचं चित्र होतं, कारण वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक चित्र दिलेलं असतं. त्या साळूखाली तिचं जाकीट धरून मी उभा राहिलो. आतलं रडणं ऐकू येत होतं, मग हुंदके, मग काहीच नाही. दहा मिनिटांनी मला आत बोलावलं. ती बाईंच्या मांडीवर होती, डोळे लाल, हातात गाय. मला बघून ती म्हणाली, "बाबा आला." पूर्ण रुळायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत दुसरं कुठलंही काम हाती घेऊ नका. घरी असलेल्या बापाला ही सवड असते, आणि ती इथे वापरायची.

आता इथेही मी लेकीला न सांगता कुठे जात नाही.

मूल आजारी पडलं तर?

मूल पोहोचताच बालरोगतज्ज्ञ शोधा, आजारी पडायच्या आधी. नवीन मुलं न घेणारे दवाखाने बरेच असतात. मुलांच्या ठरलेल्या वयातल्या तपासण्या एका पिवळ्या वहीत नोंदवतात, ती वही जपा. दवाखाना बंद असताना ११६११७ हा क्रमांक, जीवावरचं असेल तर ११२. साध्या तापाला तिथे औषधांचा मारा करत नाहीत. विश्रांती, पाणी आणि वाट बघणं. पहिल्यांदा हे पचायला जड गेलं, मी आईला फोन करून रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. रात्र रात्र बसायचं जमतं, एवढं आईला सकाळी सांगितलं.

मराठी टिकते का?

टिकते, पण ती टिकवायचं काम घरी असलेल्याकडे येतं. आपण मातृभाषा म्हणतो. आमच्या लेकीला ती दिवसाचे दहा तास बापाकडून मिळाली. किटा सुरू झाल्यावर चार-पाच महिन्यांत ती घरीही जर्मनमध्ये उत्तरं द्यायला लागली. मी रागावलो नाही, तिचंच वाक्य मराठीत परत म्हणायचो आणि पुढे बोलायचो. रोज झोपताना मराठी गोष्ट, आंघोळीला मराठी गाणी. दुपारचा ठाण्याचा फोन हा सगळ्यात मोठा आधार होता, कारण आजीला जर्मन येत नाही, तेव्हा नातीला मराठीत बोलावंच लागतं. थंडीत वेळेचा फरक साडेचार तासांचा असतो, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, ते आजीच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. नाहीतर ती तासभर फोन घेऊन बसून राहते.

आजी-आजोबांना बोलवावं का?

जरूर. पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. उन्हाळ्यात बोलवा. माझे बाबा मे महिन्यात आले. गॅलरीत पेपर घेऊन गेलेले तेच बाबा. पहिला आठवडा त्यांनी मला घरकाम करताना नुसतं पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठलो तर ओट्यावरची भांडी घासून पालथी घातलेली होती. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

सामानात काय न्यावं?

भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, मराठी चित्रांची पुस्तकं, पोळपाट-लाटणं, कुकरच्या दोन जादा रिंगा आणि शिट्टी. कुकर आणि तवा इंडक्शनवर चालणारा घ्या, बऱ्याच घरांत गॅस नसतो. काही घरं तर भाड्याने देताना स्वयंपाकघराशिवाय देतात, ओटा-कपाटं आपली आपण आणायची, म्हणून घर बघताना हे विचारा. मिक्सर चालतो, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त पिन बदलावी लागते. तूप, खवा, पेढे नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तिथे बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वड्यांत मिळतं, त्याचं तूप फार सुरेख होतं. कढवताना आणि फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा.

गाडी चालवता येते का?

आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने चालतं. नंतर तिथली लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आम्ही गाडी घेतलीच नाही. सायकलच्या मागे मुलाची छोटी गाडी जोडली की म्युनिकमध्ये सगळीकडे जाता येतं.

रविवारी दुकानं खरंच बंद असतात?

हो. शनिवारी रात्री आठच्या आत दूध घ्या.

परत आल्यावर नोकरी मिळाली का?

मिळाली, सात महिन्यांनी, आणि आधीच्यापेक्षा एक पायरी खाली. यात गोड करून सांगण्यासारखं काही नाही. बायोडेटात मी ती वर्षं लपवली नाहीत, "पूर्णवेळ घर आणि मूल सांभाळलं, म्युनिक" असं तारखांसकट लिहिलं आणि खाली जर्मन भाषेची पातळी लिहिली. दोन ठिकाणी मुलाखत त्या ओळीवरच अडकली. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी विचारलं, "मग आता घर कोण बघणार?" मी म्हटलं, दोघं, आणि कसं ते सांगितलं. मला ती नोकरी लागली. जाण्याआधी शक्य असेल तर कंपनीकडे बिनपगारी रजा मागून बघा, आणि तिथे असताना तुमच्या क्षेत्रातला एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम वर्षाला तरी पूर्ण करा. मी केला नाही, त्याचा फटका बसला.

तुमच्या बायकोचं काय म्हणणं आहे?

हे सगळं लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं. ती म्हणाली, एक गोष्ट राहिली. पहिल्या वर्षी ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा आम्ही दोघं आमच्या नादात असायचो. लेकीला कुठला चमचा हवा, झोपताना कुठलं गाणं, हे तिला माहीत नसायचं. एकदा लेक तापात होती, आई जवळ घ्यायला गेली तर तिने तोंड फिरवून "बाबा" म्हटलं. त्या रात्री बायको बाथरूममध्ये जाऊन रडली. मला ती हे इतक्या वर्षांनी, परवा सांगते आहे. बाहेर काम करणाऱ्या वडिलांना हे पिढ्यान्‌पिढ्या होत आलं असेल, असंही ती म्हणाली.

तेव्हा मला कारण कळलं नव्हतं, पण त्यानंतर तिनेच एक ठरवून टाकलं होतं. रोज रात्रीची गोष्ट तिची. शनिवारची न्हाणी आणि वेणी तिची. त्या वेळात काहीही झालं, लेक रडली, साबण डोळ्यात गेला, तरी मी मध्ये पडायचं नाही. म्हणून शनिवारी सकाळी मी बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडायचो आणि दीड तास परत यायचो नाही.